टायरची पकड गेममध्ये कशी आली

गेममधली गाडी खरी वाटते की साबणावरून सरकल्यासारखी, हे चार ठशांवर ठरतं. ठसा म्हणजे टायरचा रस्त्याला टेकलेला भाग. जुन्या आर्केड गेममध्ये तो नव्हताच. वेग मर्यादेपलीकडे गेला की गाडी घसरवायची, एवढाच नियम. 1998 च्या 'ग्रां प्री लेजंड्स'ने 1967 च्या फॉर्म्युला वन मोसमातल्या, पंख (हवेच्या जोरावर गाडी रस्त्याला दाबणाऱ्या पट्ट्या) नसलेल्या गाड्या निवडल्या. पंखांचा दाब नाही, म्हणून सारी भिस्त टायरवर, आणि चूक लपवायला जागाच नाही.

गणित मात्र वाहन-संशोधनातून आलं. 1987 मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाचे हान्स पाचेइका आणि व्होल्वोचे अभियंते यांनी, पुढे 'मॅजिक फॉर्म्युला' म्हणून गाजलेलं सूत्र मांडलं. त्यात चार गुणांक: बी, सी, डी, ई. कोरड्या डांबरासाठी नेहमी वापरले जाणारे 10, 1.9, 1 आणि 0.97 घालून पाहा: पकड सुमारे 18 टक्के घसरीला (घसर म्हणजे चाकाचा वेग गाडीच्या वेगापेक्षा किती टक्के वेगळा) शिखर गाठते आणि चाक पूर्ण लॉक झाल्यावरही शिखराच्या 0.91 पट उरते. हे सूत्र कारण सांगत नाही, चाचणीतल्या मोजमापांवर वक्र बसवतं. खेळाडू मात्र गाडी गरागरा फिरवतो, म्हणजे मोजमापं संपतात त्याच्याही पुढे जातो. तिथे सूत्राचा अंदाज फसतो, म्हणून पुढे रबराला ब्रशच्या केसांसारखं मानून प्रत्येक केसाचं वाकणं आणि सुटणं मोजणारी मॉडेल गेममध्ये आली. मला हाच मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो.

दुसरी अडचण शून्य वेगाची. घसर काढताना चाकाचा वेग आणि गाडीचा वेग यांतला फरक गाडीच्या वेगाने भागतात. गाडी उभी राहिली की भाजक शून्य होतो आणि चढावर ती थरथरते. उपाय असा: घसर एकदम बदलू द्यायची नाही, टायरने ठरावीक अंतर कापेपर्यंत ती हळूहळू चढवायची, अगदी कमी वेगाला टायरच्या जागी स्प्रिंग धरायची.

सूत्रातला डी, म्हणजे पकडीच्या शिखराची उंची, टायरवरच्या भाराच्या सरळ प्रमाणात वाढवणं ही नेहमीची चूक. खऱ्या टायरवर भार दुप्पट केला तर पकड दुपटीहून कमी वाढते. हे वगळलं तर अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं रोखणारा दांडा) कितीही बदला, वळणावर गाडीचा तोल जवळपास तसाच राहतो.

उरला रस्ता. ताशी 300 किलोमीटरला, सेकंदाला 60 वेळा गणित केलं तर दोन हिशेबांमध्ये गाडी 1.39 मीटर पुढे जाते. अख्खा कर्ब, म्हणजे ट्रॅकच्या कडेचा उंचवटा, निसटू शकतो. आयरेसिंग या रेसिंग गेमचा दर सेकंदाला 360 आहे, म्हणजे 23 सेंटिमीटर. त्यातही रस्त्याची उंची शोधायला चाकाखाली एकच काल्पनिक किरण सोडला तर कर्बच्या कडेवर चाक झटक्यात उडतं. ठशाच्या रुंदीत अनेक बिंदू तपासले की ते चढतं.