हिरवा आणि लाल एमआरएनए : मागवण्याआधी वाचा

आमच्याकडून ईजीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) किंवा एमचेरी (लाल चमकणारं) यांचा एमआरएनए, म्हणजे पेशीला ते प्रथिन कसं बनवायचं हे सांगणारा आरएनए, नेलेल्या पुण्यातल्या प्रयोगशाळांचा पहिला फोन बहुधा एकच असतो : ‘पेशी चमकत नाहीत.’ तो करावा लागू नये म्हणून हे पत्रक.

एमआरएनएला केंद्रकात जावं लागत नाही. पेशीद्रवात पोचला की रायबोसोम त्यावरून प्रथिन बनवू लागतात. म्हणून केंद्रकात जावं लागणारा प्लास्मिड (जनुक नेणारं डीएनएचं वर्तुळ) जिथे अडतो, त्या विभाजन न होणाऱ्या चेतापेशी किंवा मॅक्रोफेजमध्येही (जंतू गिळणाऱ्या पेशींमध्येही) हा चालतो. चमक काही तासांत दिसू लागते, साधारण एका दिवसात भरात येते आणि पुढच्या काही दिवसांत ओसरते. कायम चमकणारी सेल लाइन हवी असेल तर हा घेऊ नका, जनुक पेशीच्या डीएनएत कायमचं बसवणाऱ्या लेंटिव्हायरसकडे वळा. याचा खरा उपयोग तुमचा स्वतःचा महागडा एमआरएनए वापरण्याआधी लिपिड (एमआरएनएला पेशीत नेणारा स्निग्ध पदार्थ), मात्रा आणि पेशींची दाटी बसवून घ्यायला.

हिरवा की लाल, हे आधी मायक्रोस्कोपला विचारा. जीएफपी, म्हणजे ईजीएफपीचं मूळ रूप, जेलीफिशचं. शास्त्रज्ञ ओसामु शिमोमुरा यांनी ते 1962 मध्ये वेगळं केलं आणि 2008 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. ईजीएफपी 488 नॅनोमीटरच्या लेझरवर छान उजळतं. एमचेरीला मात्र 587 च्या आसपासचा प्रकाश लागतो, त्यामुळे 561 चा लेझर नसेल तर लाल मागवून पैसे घालवू नका. पेशी मुळातच हिरवट दिसत असतील किंवा प्रथिन आम्लधर्मी लायसोसोममध्ये (पेशीतल्या कचरा पचवणाऱ्या पिशवीत) पाहायचं असेल, तर लालच बरा. तिथे ईजीएफपी मंदावतं.

आमच्या एमआरएनएला कॅप-1 (पुढच्या टोकावरची टोपी) आणि पॉली-ए शेपूट (मागच्या टोकाची ‘ए’ घटकांची साखळी) असते, आणि युरिडिन या घटकाच्या जागी त्याचं बदललेलं रूप, एन1-मिथाइलस्यूडोयुरिडिन. साध्या युरिडिनला पेशी परका समजून बिथरते. बदललेल्या न्यूक्लिओसाइडने ती शांत राहते, हे कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन या शास्त्रज्ञांनी 2005 मध्ये दाखवलं. 2023 चं नोबेल त्यासाठीच.

आता आरएनेझ, म्हणजे आरएनए तोडणारं विकर. निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ हेच, असा आमचा अंदाज. ते बोटांवर असतं, थुंकीत असतं, सीरममध्ये असतं. 70 टक्के इथेनॉलने हात पुसून ते जात नाही, ऑटोक्लेव्हमधूनही तग धरतं. आरएनेझ नष्ट करणारं द्रावण वेगळं मिळतं, ते बेंचवर आणि पिपेटवर मारा. ग्लोव्ह्ज घालून मोबाइल उचललात तर ग्लोव्ह्ज बदला (हे कुणी ऐकत नाही). नुसता एमआरएनए सीरम असलेल्या मीडियात कधीही टाकू नका. आधी सीरमविरहित मीडियात लिपिडशी मिसळा, मग पेशींवर सोडा. 24 वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये वेलमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करून पाहा.

तुलनेसाठी (कंट्रोल म्हणून) एक वेल कोरी आणि एक फक्त लिपिडची ठेवाच. मेलेल्या पेशीही हिरव्या दिसतात, आणि त्यावर खूश झालेले लोक आम्ही पाहिलेत.

कुपी आली की बर्फावर वितळवा, एकेका प्रयोगापुरते भाग करा आणि उणे 80 ला ठेवा. गुरुवारी देखभालीसाठी वीज जात असेल तर फ्रीजर जनरेटरवर आहे ना, ते आधी बघा. ड्राय आइसची खोकी आम्ही आठवड्याच्या सुरुवातीलाच पाठवतो. शनिवारी गेटवर पडून राहिलेली खोकी सोमवारी उघडण्यात अर्थ नसतो. तरीही अडलात तर फोन करा, फक्त कुपीवरचा लॉट नंबर, पेशींचा पॅसेज नंबर (त्या कितव्यांदा नव्या भांड्यात वाढवल्या तो आकडा) आणि त्या दोन कंट्रोल वेलचे फोटो हाताशी ठेवा.