फवारणीतली विषबाधा: सानुग्रह अनुदानाचा अर्ज आणि रक्ताचा पुरावा (सोलापूर जिल्हा)

फवारणी करताना विषबाधा होऊन मृत्यू झाला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना २ लाख रुपये मिळतात. मयत व्यक्ती १० ते ७५ वयोगटातली, सातबाऱ्यावर नाव असलेली किंवा खातेदाराच्या कुटुंबातली (आई-वडील, पती-पत्नी, मुलगा, अविवाहित मुलगी यांपैकी एक) हवी. भूमिहीन मजूर यात बसत नाही. सांगोल्याच्या डाळिंबात, पंढरपूरच्या द्राक्षबागेत पंप मात्र अनेकदा त्याच्याच पाठीवर असतो. ही उणीव भरून निघायलाच हवी.

अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा. सोबत सातबारा, मृत्यूचा दाखला, तलाठ्याकडची गाव नमुना ६-क ची वारस नोंद, वयाचा पुरावा, पोलिसांचे पंचनामे, शवविच्छेदन अहवाल आणि व्हिसेराचा (शवविच्छेदनात तपासणीसाठी काढून ठेवलेल्या अवयवांचा) रासायनिक विश्लेषण अहवाल.

प्रकरणं अडतात ती शेवटच्या कागदावर. पण त्याआधीच्या नोंदीही जपा: आत्महत्या योजनेत बसत नाही, म्हणून केसपेपरवर किंवा पंचनाम्यात सवयीने ‘विष प्राशन’ लिहिलं गेलं की दावा तिथेच कमकुवत होतो. दाखल करतानाच ‘फवारणी करताना’ असं लिहून घ्या.

दवाखान्यात पहिलं रक्त शक्यतो पीएएमचं (या विषावरच्या उताऱ्याचं) इंजेक्शन देण्याआधी घ्यावं, पण त्यासाठी उपचार थांबवू नयेत. नळ्या दोन लागतात. कोलिनेस्टरेज हे नसांच्या कामाला लागणारं एन्झाइम फवारणीतली काही विषं निकामी करतात; त्याच्या तपासणीसाठी हेपारिनची (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याची). त्यात फ्लोराइड चालत नाही, कारण ते हेच एन्झाइम दाबतं आणि आकडा खोटाच कमी येतो. विषाच्या शोधासाठी मात्र सोडियम फ्लोराइड घातलेलं रक्त, सोबत लघवी.

कमी कोलिनेस्टरेज फक्त विषाचा गट सांगतं. सरीनसारखा युद्धातला वायू आणि क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक दोन्ही हेच एन्झाइम निकामी करतात. नेमकं कोणतं, ते मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) सांगतो: क्लोरपायरिफॉसचा ३५० वस्तुमानाचा आयन (विद्युतभारित रेणू) फोडला की १९८ चा तुकडा दिसतो. मूळ विष रक्तातून लवकर जातं. एन्झाइमला चिकटलेला अंश जास्त टिकतो. १९९५ च्या टोकियो भुयारी रेल्वेतल्या सरीन हल्ल्यातल्या रुग्णांच्या साठवलेल्या रक्तात सरीनचा माग असाच नंतर लागला. पण नेहमीच्या तपासणीत यंत्र सांगितलेलीच कीटकनाशकं शोधतं. म्हणून फवारलेल्या औषधाचा डबा फेकू नका. कंपनीचं नाव पुरत नाही, लेबलवरचं तांत्रिक नाव आणि बॅच नंबर पोलिसांच्या पत्रात यायला हवा.

व्हिसेरा अहवालासाठी अर्ज अडवून ठेवू नका. नमुना प्रयोगशाळेकडे पाठवल्याचं पोलीस ठाण्याचं पत्र जोडा, मुदतीत पोच घ्या आणि अहवाल आल्यावर त्याच पोचेच्या क्रमांकावर जमा करा.