ऑफिसचं मॅग्नेटिक लॉक आणि घरचं डिजिटल लॉक: लाइट गेली की कोणतं उघडतं?

ऑफिसच्या काचेच्या दाराशेजारी भिंतीवर आकड्यांचा कीपॅड असतो. फ्लॅटच्या लाकडी दारावर, हँडलच्या वर, तसेच आकडे असतात. दोन्हीकडे कोड दाबायचा आणि दार उघडायचं. म्हणून ‘ऑफिसात आहे तसंच घराला लावून द्या’ असं लोक सहज सांगून टाकतात. तसं सांगू नका. ऑफिसच्या कुलपाला बंद राहण्यासाठी वीज लागते, घरच्याला उघडण्यासाठी. बाकीचे बहुतेक फरक इथूनच निघतात.

आकड्यांचं काम दोन्हीकडे जवळपास सारखं. बटणांच्या कीपॅडमध्ये साधारण बारा बटणं असतात, चार आडव्या आणि तीन उभ्या ओळींत. प्रत्येक बटणाला वेगळी तार द्यावी लागत नाही, सात तारांत भागतं. आतली चिप एकेका आडव्या ओळीला पाळीपाळीने सिग्नल देते आणि तो कोणत्या उभ्या ओळीतून परत येतो हे बघते; त्यावरून कोणतं बटण दाबलं ते कळतं. मग दाबलेले आकडे साठवलेल्या कोडशी ताडले जातात. ही मेमरी वीज नसली तरी पुसली जात नाही, म्हणून सेल बदलल्यावरही जुनाच कोड चालतो.

कोड जुळला, की पुढचं सगळं वेगळं.

मॅग्नेटिक लॉकमध्ये चौकटीवर लांबट विद्युतचुंबक बसवलेला असतो आणि दारावर लोखंडी पट्टी. चुंबकातून 12 व्होल्टचा प्रवाह वाहतो तोवर पट्टी त्याला घट्ट चिकटून राहते. बाजारात सर्रास मिळणारं लॉक सुमारे 280 किलोची ओढ सहन करतं आणि त्यासाठी साधारण अर्धा अँपिअर प्रवाह घेतं. आत कडी नाही, हलणारा भाग नाही, त्यामुळे झिजायलाही फारसं काही नाही. कोड जुळला की रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, काही सेकंद प्रवाह तोडतो आणि दार मोकळं होतं.

म्हणजे वीज गेली की दार उघडंच. हा दोष नव्हे, मुद्दाम ठेवलेली सोय आहे: आग लागून वीज गेली तर आतली माणसं अडकू नयेत. लोडशेडिंगसाठी 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची बॅटरी जोडतात. कागदावर ती एका लॉकला 14 तास पुरते, प्रत्यक्षात कमी. म्हणून रात्री ऑफिस बंद करताना शटर ओढून साधं कुलूप लावणं हेच शहाणपणाचं.

घरचं डिजिटल लॉक बहुधा चार पेन्सिल सेलवर चालतं. एवढ्याशा विजेवर चुंबक रात्रंदिवस धरून ठेवता येणार नाही, आणि त्याची गरजही नसते. दार धरून ठेवतो तो पोलादी बोल्ट. एरवी बाहेरचं हँडल बोल्टशी जोडलेलंच नसतं. कोड जुळला की छोटी मोटर क्षणभर फिरून त्यांची सांगड घालते. बोल्ट मागे सरतो तो तुमच्या हाताच्या जोराने. काही मॉडेलमध्ये मोटर बोल्टच सरकवते, ती सेल जास्त खाते. सेल संपले तर बाहेरून दार बंदच राहतं, आतलं हँडल मात्र थेट बोल्टला जोडलेलं असल्याने आतून उघडतं. बाहेर अडकलेल्यासाठी बऱ्याच लॉकना खालच्या बाजूला 9 व्होल्टची बॅटरी टेकवायचे बिंदू किंवा टाइप-सी पोर्ट असतो, शिवाय साधी किल्लीही मिळते. ती किल्ली घरातल्या कपाटात ठेवली तर तिचा काय उपयोग? शेजाऱ्यांकडे किंवा नातेवाइकांकडे ठेवा.

आता ज्या गोष्टीकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ती. भिंतीवरच्या स्वस्त कीपॅडमध्ये रिले त्याच डबीत, म्हणजे दाराच्या बाहेर असतो. कोणी डबी उघडून चुंबकाची तार तोडली, तर कोड न दाबताच दार उघडतं. मग चुंबक कितीही दणकट असो. कंट्रोलर, म्हणजे कोड ताडून रिले चालवणारा भाग, आतल्या खोलीत बसवायचा आणि बाहेरच्या कीपॅडने फक्त आकडे आत पाठवायचे, हा त्यावरचा उपाय. बसवायला आलेल्या माणसाला ‘रिले कुठे आहे?’ एवढं नक्की विचारा. आतल्या बाजूला, चुंबकाची वीज थेट तोडणारं आपत्कालीन बटणही हवंच.

कोडचं गणित दोन्हीकडे एकच. चार आकड्यांचे 10,000 कोड होतात, सहा आकड्यांचे 10 लाख. पण वर्षानुवर्षं तोच कोड वापरला की तीच बटणं झिजतात. चार आकड्यांच्या कोडात चार वेगळी बटणं झिजलेली दिसली तर उरतात फक्त 24 शक्यता. एक आकडा दोनदा वापरला आणि तीनच बटणं झिजली तर 36, म्हणजे उलट जास्त. टचस्क्रीनवर बोटांचे ठसे तेच काम करतात. म्हणून बऱ्याच डिजिटल लॉकमध्ये खऱ्या कोडच्या आधी आणि नंतर वाटेल ते आकडे दाबायची सोय असते. जिन्यात कोणी मागे उभं असेल तेव्हा ती जरूर वापरा.