खडकाच्या कडेला सर्फिंग: बोर्ड नेण्याआधी हे वाचा

अंदाजात लाट १ मीटर दिसली की बरेच जण थेट बोर्ड मागायला येतात. आम्ही आधी विचारतो, पिरियड किती? म्हणजे लागोपाठच्या दोन लाटांमध्ये किती सेकंद जातात. ७ सेकंदांची लाट बहुधा जवळच्याच वाऱ्याने उठवलेली, विस्कटलेली असते. १४ सेकंदांची लाट दुरून येते. खोल पाण्यात उंची तेवढीच असली तरी ती जवळपास दुप्पट शक्ती घेऊन येते आणि उथळ पाण्यात जास्त उंच उठते. अशा मोठ्या लाटा गटाने येतात आणि दोन गटांच्या मधे समुद्र अगदी गरीब वाटतो. म्हणून उतरण्याआधी निदान २० मिनिटं किनाऱ्यावर उभं राहून बघा. कंटाळा येतो, मान्य आहे.

बघताना नजर भूशिराच्या कोपऱ्यावर ठेवा. लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी वाळूच्या कडेने सरकत खडकाला अडतं आणि खडकाला लागूनच समुद्राकडे परत वळतं. हाच रिप करंट. दोन्हीकडे पांढरा फेस उसळत असतो आणि मधे एक गडद, सपाट पट्टा दिसतो. त्यातून फेसाचे पुंजके आणि शेवाळ बाहेर वाहत जातं. नवख्याला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते, कारण तिथे लाट फुटत नाही! वाळूचे बांध सरकतात तसे मधल्या किनाऱ्यावरचे रिप जागा बदलतात. खडकालगतचा मात्र सहसा तिथेच राहतो. जाणकार सर्फर बाहेर जायला याच ओढीचा उपयोग करतात. तुम्ही शिकाऊ असाल तर तो मोह नको.

ओढीत सापडलात तर बोर्ड सोडू नका, तोच तुम्हाला तरंगता ठेवतो. किनाऱ्याच्या दिशेने थेट वल्हवू नका. ही ओढ कधीकधी सेकंदाला २ मीटरपर्यंत जाते आणि पट्टीचा पोहणाराही त्यापुढे टिकत नाही. उघड्या किनाऱ्यावर कोणत्याही बाजूला सरकता येतं, इथे एक बाजू खडकाची आहे. खडकापासून दूर, जिथे लाटा फुटताहेत तिकडे आडवं वल्हवा. जमत नसेल तर बोर्डवर बसून एक हात उंच हलवा.

लाट साधारण तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीवर फुटते, म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहिलंच पाहिजे. पूर्ण ओहोटीला खडक निदान दिसतात. आम्हाला जास्त धास्ती वाटते ती मधल्या पाण्याची, कारण तेव्हा ते वीतभर खाली दडलेले असतात. पूर्ण भरतीला लाट खडकावर आपटून उलटी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा फरक आणखी वाढतो आणि भरतीच्या तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी सर्वांत झपाट्याने चढतं.

वारा जमिनीकडून हलका असेल तर लाट नीट उभी राहते. मतलई वारा असतो तोवर, म्हणजे सकाळी लवकर, या.

पडताना सूर मारू नका. अंग पसरून उथळ पडा, वर येताना हातांनी डोकं झाका. लाटेच्या फुटत्या टोकाला जो सर्वांत जवळ, लाट त्याची.

लीश, म्हणजे बोर्ड घोट्याला बांधणारी दोरी, खडकात अडकली तर घोट्याची पट्टी एका हाताने सुटली पाहिजे. बोर्ड नेण्याआधी ती आमच्यासमोर डोळे मिटून सोडून दाखवा, तोवर आम्ही बोर्ड देत नाही.