फुरसं, तवंग आणि अवरक्त किरण

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात पाण्यावर डिझेलचा तवंग रंग दाखवतो, तोवर तो जाडच म्हणायचा. एका रेणूच्या उंचीचा थर डोळ्यांना दिसतच नाही. चमचाभर तेलाने तळ्याचं सुमारे अर्धा एकर पाणी शांत झाल्याचं बेंजामिन फ्रँकलिनने १७७४ साली छापलं, पण तेल किती पातळ पसरलं याचा हिशेब त्याने केला नाही. असे थर नीट मोजायची रीत आग्नेस पॉकेल्स या जर्मन बाईंनी घरच्या घरी, विद्यापीठाची पायरी न चढता बसवली. १८९१ मध्ये लॉर्ड रॅलेंनी त्यांचं पत्र 'नेचर'कडे धाडलं. पुढे अर्व्हिंग लँगम्युरला याच विषयाने १९३२ चं नोबेल दिलं. बाईंचं नाव मागेच राहिलं.

या गोष्टीत साप येतो तो १९३५ साली. कोकणात कातळसड्यावर दगड उचलताना आधी फुरशाची धास्ती वाटते. अनेक सापांच्या विषात फॉस्फोलिपेज ए-२ हे विकर (एन्झाइम) असतं. ते पेशीच्या पडद्यातल्या लेसिथिनसारख्या लिपिडची (मेदासारख्या रेणूची) एक शेपटी कापतं. (फुरसं चावल्यावर रक्त गोठेनासं होतं, त्याला मुख्यतः विषातली दुसरी विकरं कारण, सगळं खापर याच्यावर नको.) त्या साली ह्यूजेस या संशोधकाने लेसिथिनचा एकरेणवी थर पाण्यावर पसरून खाली सर्पविष सोडलं आणि पृष्ठभागाचं विद्युतविभव (व्होल्टेज) उतरताना पाहिलं.

पण विभव उतरलं म्हणजे नेमकं काय तुटलं? १९७३ मध्ये व्हर्जर आणि डी हास यांनी दोन कप्प्यांची कुंडी केली. थर झिजला की दाब कायम ठेवायला आडवी पट्टी सरकते. ती किती सरकली त्यावरून किती लिपिड तुटलं ते कळतं. मात्र तुकडे पाण्यात विरघळले तरच हे जमतं. लांब शेपट्यांचे तुकडे वरच तरंगतात आणि पट्टीचा हिशेब बिघडतो.

इथे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण कामी आले. रेणूतला प्रत्येक प्रकारचा बंध यांतले ठराविक किरण गिळतो, त्यावरून तो ओळखता येतो. १९८० च्या दशकात रिचर्ड ड्लुही यांनी थेट पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित किरणांचा वर्णपट मिळवला. अडचण पाण्याचीच होती. लिपिडच्या खुणा जिथे उमटतात, हवेतली वाफ नेमकी त्याच पट्ट्यात किरण गिळते. जुलैत कोकणातल्या प्रयोगशाळेत पोटॅशियम ब्रोमाइडची (अवरक्त मापनात वापरायच्या, ओल शोषणाऱ्या मिठाची) चकती हातातच धुरकटते, हे ज्याने सोसलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. १९९३ मध्ये ब्लोदे आणि सहकाऱ्यांनी किरणांचं ध्रुवण (कंपनाची दिशा) झपाट्याने बदलत ठेवून वाफेची ही लुडबुड बरीचशी वजा केली.

आता विकर जो कापतं तो लिपिडचा एस्टर बंध वर्णपटात १७३५ प्रति सेंटिमीटरच्या आसपास ओसरताना दिसतो आणि पाण्यात कॅल्शियम असेल तर १५४० च्या शेजारी नव्या खुणा उगवतात. त्या सुटलेल्या शेपटीच्या, म्हणजे मेदाम्लाच्या, कॅल्शियम साबणाच्या. किनाऱ्यालगतच्या जड पाण्याच्या विहिरीवर कपडे धुताना जो पांढरा साका धरतो, तोही याच जातीचा.