युद्धात गेलेल्या पूर्वजाची नोंद कशी शोधावी: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

"आज्याचा मोठा भाऊ पल्टनीत गेला, अन् वापस आलाच नाही." विदर्भातल्या अनेक घरांत त्या पोराबद्दल एवढंच माहीत असतं. विशीतला, बिनलग्नाचा. बायको-लेकरं नसल्यामुळे त्याच्या नावाने पुढे कोणी कचेरीची पायरी चढलं नाही. भावाच्या नातवाने शोध घेतला तरी चालतो. जुन्या युद्धनोंदी पाहायला वारस असण्याची अट नाही.

आधी नावाच्या मागे लागू नका, सेवा क्रमांक शोधा. ब्रिटिश काळातल्या नोंदीत कित्येकदा आडनाव नसतं, फक्त शिपायाचं आणि बापाचं नाव. तेवढ्यावर डझनभर माणसं निघतात. घरात जुनं पदक असेल तर त्याची कड उन्हात धरून भिंगाने पाहा. तिथे बहुधा बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक चिंचेने घासू नका, अक्षरं जातात. पहिल्या महायुद्धातल्या मृताच्या घरी आलेली ब्राँझची गोल थाळी, सुमारे बारा सेंटीमीटरची, काही ठिकाणी अजून देव्हाऱ्यात असते. तिच्यावर मात्र नुसतं नाव असतं, पलटण नसते. जवान अविवाहित असेल तर पेन्शन आईच्या किंवा बापाच्या नावाने मंजूर झालेली असू शकते. म्हणून पणजीच्या नावाचे कागदही चाळा.

मग तहसील. अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) आणि जुन्या शाळेतून दाखल-खारीज रजिस्टरची नक्कल मागा. बापाचं नाव आणि जन्माचं साल यातूनच पक्कं होतं. अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प, आधारची प्रत आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडा. जातपडताळणीसाठी ही कागदं घरात कोणी आधीच काढलेली असतील, तर फेरा वाचेल.

आता युद्ध कोणतं ते पाहा, कारण पुढची वाट त्यावर ठरते. 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 किंवा 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळात सेवेत असताना मृत्यू झाला असेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (दोन्ही महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर मोफत शोध घेता येतो. जिल्हा तेव्हाचा टाका. गडचिरोली 1982 पर्यंत चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्ह्यात होतं, वाशीम 1998 पर्यंत अकोल्यात, गोंदिया 1999 पर्यंत भंडाऱ्यात. वऱ्हाडाला 'बेरार', यवतमाळला 'येवतमाल', अचलपूरला 'एलिचपूर' लिहिलेलं सापडेल. ब्रह्मदेशात गेलेले आणि ज्यांची कबर नाही असे बरेच जण रंगून स्मारकावर आहेत, तिथे जवळपास 27,000 नावं आहेत. इराकमधल्या बसरा स्मारकावर मात्र साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणीपुढे फक्त मेलेल्यांचा आकडा घातला. हे वाचून जीव तुटतो. तरी निराश होऊ नका: दगडावर नसलेलं नाव संकेतस्थळावरच्या यादीत मिळू शकतं.

स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांतल्या जवानांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकावर आहेत. ते 25 फेब्रुवारी 2019 ला खुलं झालं आणि नावांचा शोध ऑनलाइनही घेता येतो.

पलटण कळली की तिच्या अभिलेख कार्यालयाला लिहा. महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातलं सागर, मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, बॉम्बे सॅपर्ससाठी (लष्कराच्या इंजिनिअर दलासाठी) खडकी. अर्जात नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, जुना जिल्हा, मृत्यूचं अंदाजे साल आणि तुमचं नातं लिहा. एक गोष्ट आवर्जून मागा: 'लाँग रोल'चा, म्हणजे जवानांच्या कायम नोंदवहीचा, उतारा. शीट रोल म्हणजे जवानाची सेवेची कागदं ठरावीक मुदतीनंतर नष्ट केली जातात, लाँग रोल कायम जपतात. "कागदपत्रे उपलब्ध नाहीत" एवढंच उत्तर आलं, तर बहुधा शीट रोलबद्दलच ते बोलत असतात. पत्ता आणि मसुद्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्या.

उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकारात 10 रुपये भरून अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही, आणि मुदत 30 दिवसांची. "ही खासगी माहिती आहे" म्हणून नकार मिळाला तर अपिलात कलम 8(3) दाखवा. वीस वर्षांहून जुन्या घटनेला ती सबब लागू होत नाही.

कमिशनच्या यादीत नाव नसेल किंवा चुकीचं असेल, तर त्यांच्याकडे पुरावे पाठवून नोंद किंवा दुरुस्ती मागता येते. सेवेत असताना आजाराने मेलेलाही पात्र असतो. घरी परतल्यावर मेला असेल, तर मृत्यू लष्करी सेवेमुळे आणि वरच्याच कालावधीत झाल्याचा कागद लागतो. पदकाच्या कडेचा जवळून घेतलेला फोटो, जुनं पेन्शनपत्र, मृत्यूची तार, मनिऑर्डरची पावती, जे असेल ते पाठवा. फक्त प्रतीच पाठवा, मूळ कागद घरातून हलवू नका.