डोनरचा डीएनए मोजणारी रक्ताची टेस्ट

किडनी, हार्ट किंवा लिव्हर ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाच्या रक्तात डोनरच्या डीएनएचे बारीक तुकडे फिरत असतात, त्यांचं प्रमाण मोजून नवीन अवयवाला इजा होतेय का ते ओळखायची ही टेस्ट. पूर्ण नाव डोनर-डिराइव्ड सेल-फ्री डीएनए, पण एवढं कोण म्हणतंय.

आधी सगळी भिस्त क्रिएटिनिनवर, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते त्या कचऱ्याच्या आकड्यावर. ते वाढेपर्यंत किडनीचं बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं, आणि वाढलं तरी रिजेक्शनमुळेच, म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारल्यामुळेच असं नाही, पाणी कमी प्यायलं तरी वाढतं, रिजेक्शन टाळायचं औषध टॅक्रोलिमस जास्त झालं तरी वाढतं. मग खात्री करायला बायॉप्सी, म्हणजे सुई घालून किडनीचा तुकडा काढायचा. हार्टवाल्यांचं तर आणखी अवघड, त्यांच्यात मानेच्या शिरेतून थेट हृदयापर्यंत जावं लागतं, तेही पहिल्या वर्षात पुन्हा पुन्हा.

या टेस्टचं मूळ हाँगकाँगच्या डेनिस लो यांच्या कामात आहे. १९९७ मध्ये त्यांनी गरोदर बाईच्या रक्तात बाळाचा डीएनए सापडतो हे दाखवलं, आणि दुसऱ्याच वर्षी तीच युक्ती ट्रान्सप्लांटला लावली. बाईला पुरुषाचा अवयव बसवलेला असेल तर तिच्या रक्तात वाय क्रोमोसोम (जो पुरुषांतच असतो) सापडला की तो डोनरचाच, दुसरीकडून येणार कुठून! पण मग हे जमणार फक्त पुरुष डोनर आणि बाई पेशंट असेल तरच. आपल्याकडे उलटंच चित्र, किडनी द्यायला जास्त करून आई नाहीतर बायको आणि घेणारा पुरुष, म्हणजे ही युक्ती इथे फारशी चाललीच नसती.

ही अडचण स्टॅनफर्डच्या स्टीफन क्वेक यांच्या टीमने सोडवली. २०११ मध्ये त्यांनी वाय सोडून दिला आणि माणसामाणसात जी डीएनएची बारकी अक्षरं वेगळी असतात तीच मोजली, त्यामुळे डोनर बाई की पुरुष हा प्रश्नच उरला नाही. लो यांना पुढे २०२२ मध्ये वैद्यकीय संशोधनाचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला तो मुख्यतः गरोदरपणातल्या टेस्टसाठी, ट्रान्सप्लांटचं काम त्यामानाने मागेच राहिलं.

किडनीसाठी १ टक्क्याची रेष धरतात (रक्तात फिरणाऱ्या एकूण डीएनए तुकड्यांपैकी डोनरचे किती), ती २०१७ च्या अमेरिकेतल्या १०२ पेशंटांच्या अभ्यासावरून. त्यात आकडा १ च्या वर गेलेल्यांपैकी सुमारे ६१ टक्क्यांनाच चालू रिजेक्शन होतं, खाली असलेल्यांपैकी ८४ टक्क्यांना नव्हतं. म्हणजे "रिजेक्शन नाही" हे सांगायला टेस्ट बरी, "आहे" म्हणायला अजूनही सुई लागते. आणि टेस्टला फक्त इजा कळते, ती कशामुळे झाली ते नाही, बसवलेल्या किडनीला त्रास देणाऱ्या बीके व्हायरसनेही आकडा वर जाऊ शकतो. ऑपरेशननंतर पहिले काही दिवस तर तो असतोच चढलेला.

डोनर सख्खं नातेवाईक असेल तर वेगळी अक्षरं कमी सापडतात, म्हणून हिशोब जरा बदलावा लागतो. आणि एकसारख्या जुळ्यांमध्ये, उदाहरणार्थ १९५४ मध्ये बॉस्टनला झालेल्या पहिल्या यशस्वी किडनी ट्रान्सप्लांटमधले हेरिक बंधू, ही टेस्ट चालतच नाही.